ट्रेलवर टायर बसला तर आधी हवेचा हिशोब करा

एटीव्ही (हँडलवर चालणारी, दगडमातीत जाणारी चारचाकी) असो नाहीतर साइड-बाय-साइड (तशीच, पण स्टिअरिंग आणि शेजारी शेजारी सीट असलेली), आडवाटेला गाडी घालणाऱ्या प्रत्येकावर ही वेळ एकदा तरी येतेच, मोबाईलला रेंज नाही, पक्का रस्ता कितीतरी किलोमीटर मागे राहिलाय आणि मागचा टायर हळूहळू बसत चाललाय. बहुतेक जण पंक्चर किट घेतात, डिक्कीत टाकतात आणि झालं म्हणतात. मी पण बरीच वर्षं तसंच केलं. पण खरं सांगू का, भोक बुजवणं हे पाच मिनिटांचं काम आहे, जंगलात अडकवते ती हवा. टायरमध्ये परत हवा कशी भरणार याचं उत्तर ज्याच्याकडे तयार आहे तो परत येतो, बाकीचे चालत येतात. म्हणून या सगळ्या लेखात मी फिरून फिरून हवेवरच येणार आहे.

पहिली गोष्ट, टायर गेल्याची शंका आली की थांबायचं. लगेच. पुढे सपाट जागा दिसते तिथपर्यंत नेतो, असं म्हणत पाचशे मीटर ओढलं की साधं पंक्चर मोठं दुखणं होऊन बसतं. पुढचा टायर बसत असेल तर हँडल एका बाजूला ओढतं आणि जड लागतं, मागचा असेल तर वळणावर गाडीचं बूड डुलल्यासारखं वाटतं. या गाड्यांच्या टायरमध्ये मुळात हवाच किती कमी असते ते बघा, बऱ्याच एटीव्हीला ४ ते ७ पीएसआय (हवेचा दाब मोजायचं माप), साइड-बाय-साइडला साधारण १० ते १५. कारच्या टायरला तिसेक असते. होंडाने १९७० मध्ये बाजारात आणलेल्या यूएस९० या तीनचाकीला तर सस्पेन्शनच नव्हतं, फुग्यासारखे मोठे मऊ टायर हेच तिचं सस्पेन्शन, आणि तो मऊपणा आजही या टायरमध्ये आहे. पण त्याची दुसरी बाजू अशी की टायरची कड, म्हणजे बीड, रिमला चिकटून राहते ती बरीचशी या हवेच्या जोरावर. हवा दोन-अडीच पीएसआयवर आली आणि तुम्ही आडव्या उतारावर किंवा दगडावर वळलात की बीड रिमवरून निसटते, आणि एकदा ती निसटली की छोट्या हातपंपाने ती परत बसणं जवळजवळ अशक्य.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. टायरमध्ये घुसलेली वस्तू दिसल्या दिसल्या उपटायची नाही. माझ्या हातून हे झालंय. बोटाएवढा जाड, तुटलेल्या झुडपाचा सुळका मागच्या टायरमध्ये रुतला होता, हवा अगदी बारीक आवाज करत जात होती, आणि मी पकड घेतली आणि तो ओढून काढला. फस्सकन दोन-तीन सेकंदात सगळी हवा गेली, गाडीचं वजन त्याच चाकावर असल्यामुळे टायर चपटा झाला आणि आतली बीड सुटली. प्लग, म्हणजे भोकात ठासायच्या चिकट रबरी वाद्या, माझ्याकडे होते, पण कॉम्प्रेसर पुढे गेलेल्या मित्राच्या गाडीत. तो मागे वळून येईपर्यंत दोन तास गेले, अंधार पडला, आणि थंडी वाजायला लागली तेव्हा पहिल्यांदा मला नीट भीती वाटली. तो सुळका तसाच ठेवून आधी सामान बाहेर काढलं असतं, मित्राची वाट बघितली असती, तर तो आल्यावर सगळं वीस मिनिटांत उरकलं असतं. रुतलेली वस्तू हाच त्या क्षणी तुमचा बूच असतो, तो जपा.

पंक्चर शोधत बसायच्या आधी ते खरंच पंक्चर आहे का ते बघा. कमी दाबाच्या टायरमध्ये तापमानाचा फरक फार दिसतो. दुपारी ३५ डिग्रीला ५ पीएसआय भरलेला टायर पहाटे ५ डिग्रीला मोजला तर साधारण ३ दाखवेल, कुठेही भोक नसताना. उलट समुद्रसपाटीजवळून दीड हजार मीटर वर चढलात तर बाहेरचा दाब कमी झाल्यामुळे गेज दोनेक पीएसआय जास्त दाखवेल. त्यामुळे मुक्कामाच्या दुसऱ्या दिवशी चारही टायर सारखेच बसलेले दिसले तर घाबरू नका, हवा भरा आणि निघा. एकच बसला असेल तर मात्र शोधायला लागा. आणि गेज कमी दाबाचा घ्या, ० ते १५ किंवा ० ते २० वाला. कारचा १०० पर्यंतचा गेज ५ पीएसआयला धड काहीच सांगत नाही.

गळती शोधताना आधी व्हॉल्व्ह बघायचा, कारण तिथे दोष असेल तर काम सगळ्यात सोपं. टोपी काढा, थुंकीचा थेंब लावा, बुडबुडा आला तर आतली पिन सैल आहे, ती पिन फिरवायचं छोटं साधन किटमध्ये असतं त्याने घट्ट करा, नाहीतर पिनच बदला. मग व्हॉल्व्हचा रबरी देठ वाकवून बघा, फांदी अडकून तो मुळाशी फाटलेला असतो आणि सरळ असताना कळत नाही. त्यानंतर बीडची कड, तिथे चिखल किंवा गवताची काडी अडकली तरी हवा जाते. शेवटी ट्रेड, म्हणजे जमिनीला टेकणारा नक्षीचा भाग, आणि साईडवॉल, म्हणजे टायरची बाजू. साबणाचं पाणी छोट्या स्प्रेच्या बाटलीत ठेवलं तर उत्तम, नसेल तर नुसतं पाणी. वारा नसेल तर ओला हात किंवा गाल टायरजवळ नेला तरी कळतं. चाक पूर्ण फिरवून बघा, एक भोक सापडलं म्हणून थांबू नका, काटेरी जागेतून आला असाल तर तीन-चार पण असतात. जिथे सापडेल तिथे खडूने किंवा चिखलाच्या बोटाने खूण करा.

आता प्लग. हे जरा सावकाश सांगतो कारण इथेच लोक चुकतात. टायर ट्यूबलेस आहे हे धरून चालतोय, एटीव्हीचे बहुतेक असतातच. गाडी पुढेमागे करून भोक अशा जागी आणा जिथे तुम्हाला जोर लावता येईल, घड्याळातल्या तीनच्या जागी आलं तर छान, पण आत सीलंट (बारीक भोकं आपोआप बुजवणारं द्रव) असेल तर वरच्या बाजूला ठेवा म्हणजे ते बाहेर वाहणार नाही. आता वस्तू काढायच्या *आधी* टायरमध्ये हवा भरा, साईडवॉलवर लिहिलेल्या मर्यादेच्या आत राहून, नेहमीपेक्षा थोडी जास्तच. कारण या टायरचं रबर इतकं मऊ असतं की बसलेल्या टायरमध्ये टोचा घुसवायला गेलं की आख्खा टायरच आत दबतो, टोचा काही जात नाही, आणि तुम्ही घामाघूम. हवा असली की टायर ताठ राहतो. हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर माझे दोन टोचे वाकले नसते.

रीमर, म्हणजे कानसीसारखा खरखरीत टोचा, त्याच्यावर रबर सोल्युशन लावा. प्लगची वादी नाक्यात ओवून, तिलाही सोल्युशन माखून बाजूला तयार ठेवा. मग पकडीने वस्तू काढा आणि ती कुठल्या कोनात गेली होती ते लक्षात ठेवा, रीमर त्याच कोनात घालायचा, सरळ घातला तर दुसरंच भोक पडतं. दहा-पंधरा वेळा आतबाहेर आणि गोल फिरवत खरवडा, आतल्या स्टीलच्या किंवा नायलॉनच्या धाग्यांची टोकं प्लगला कापतात ती घासली गेली पाहिजेत. भोक मोठं होतंय म्हणून जीव कळवळतो पण खरवडल्याशिवाय प्लग धरत नाही. मग वादी असलेला टोचा जोर लावून आत ढकला, वादीची दोन्ही शेपटं साधारण एक-दीड सेंटीमीटर बाहेर राहतील इतकाच, आणि एका झटक्यात सरळ बाहेर ओढा. पिळायचा नाही. नाक्याला चीर असते त्यातून वादी सुटून आत राहते. भोक मोठं असेल तर दोन-तीन वाद्या एकत्र घाला, माझ्या त्या सुळक्याच्या भोकात चार गेल्या होत्या आणि त्यावर मी घरापर्यंत आलो. शेपटं थोडी ठेवून कापा, हवा भरा, साबणाचं पाणी लावा. अगदी बारीक बुडबुडे येत असतील तर दोन-चार मिनिटं थांबा, कधी कधी सोल्युशन धरलं की थांबतात, नाही थांबले तर बाजूने अजून एक वादी.

साईडवॉल फाटली असेल तर गोष्ट वेगळी. तिथे रबर पातळ असतं आणि प्रत्येक फेरीला ते वाकतं, त्यामुळे तिथला कुठलाही इलाज हा फक्त बाहेर पडण्यापुरता. बोटाच्या पेराएवढी चीर असेल तर बाजूबाजूला वाद्या ठासून भरल्या की बऱ्याचदा चालतं. त्याहून मोठी असेल तर आधी चीर शिवायची, बारीक तार किंवा मासेमारीची मजबूत दोरी आणि जाड दाभण, कडेपासून सेंटीमीटरभर आत टाके घ्यायचे म्हणजे फाटत जाणार नाहीत, आणि मग टाक्यांच्या मधे वाद्या भरायच्या. बीड सोडवून आतून मोठा पॅच लावता आला तर अजून चांगलं. यानंतर चालवायचं ते चालण्याच्या वेगाने, त्या बाजूला वजन न टाकता.

आता हवा. २५ इंची एटीव्ही टायरच्या पोटात साधारण पन्नासेक लिटर जागा असते. रिकाम्या टायरमध्ये ५ पीएसआय करायला जास्तीची १७-१८ लिटर हवा कोंबावी लागते. सीओटूचं १६ ग्रॅमचं छोटं सिलेंडर जेमतेम ८-९ लिटर गॅस देतं. म्हणजे एका टायरला दोन, तेही सगळं नीट बसलेलं असेल आणि थोडंही वाया गेलं नाही तर. बीड सुटलेली असेल तर पाच-सहा गेली तरी कमीच. सायकलवाले एक-दोन सिलेंडर खिशात ठेवतात ते बघून आपण पण तेवढीच ठेवली तर काही उपयोग नाही. शिवाय सोडताना सिलेंडर बर्फासारखं गार होतं, उघड्या हाताने धरलं तर कातडी चिकटते, ग्लव्हज घाला. आणि सीओटू रबरातून हवेपेक्षा लवकर झिरपतो, त्यामुळे घरी आल्यावर काढून साधी हवा भरा.

त्यापेक्षा १२ व्होल्टचा छोटा कॉम्प्रेसर बरा, पण तो घेताना एक बघा, लायटरच्या सॉकेटवर चालणारा आहे का बॅटरीला थेट चिमटे लावायचा. बऱ्याच एटीव्हीच्या सॉकेटचा फ्यूज मोठ्या कॉम्प्रेसरला पुरत नाही, नेमका तिथेच उडतो. भरताना इंजिन चालू ठेवा, नाहीतर टायर भरेल आणि गाडी स्टार्ट होणार नाही. आणि याच्या जोडीला एक हातपंप ठेवाच, त्याची बॅटरी संपत नाही. उभा राहून मारायचा सायकलचा मोठा पंप एका दट्ट्याला चारेकशे मिलिलिटर हवा देत असेल तर पन्नास दट्ट्यांच्या आत काम होतं, दाब कमीच हवाय ना आपल्याला. खिशात मावणाऱ्या पंपाला तेच दोन-तीनशे दट्टे लागतात, पण पोचता येतं. दोन वेगळ्या प्रकारची हवा जवळ असावी, हा माझा नियम आहे आणि त्यात मी तडजोड करत नाही.

बीड सुटली असेल तर चाक काढून घेतलेलं बरं. रिमची कड आणि टायरची कड दोन्ही फडक्याने पुसून काढा, एक वाळूचा पट्टा राहिला तरी हवा तिथून जाते. दोन्ही कडांना साबणाचं पाणी लावा. मग सामान बांधायचा रॅचेट पट्टा टायरच्या बाहेरून, ट्रेडच्या बरोबर मधोमध, गोल गुंडाळून आवळत जा. मधला भाग आत दबला की दोन्ही कडा बाहेर फाकतात आणि रिमला टेकतात. व्हॉल्व्हची पिन काढून टाका म्हणजे हवा पूर्ण जोराने आत जाईल, आणि कॉम्प्रेसर लावून टायर हाताने हलवत, थोपटत राहा. कड धरली की गेज चढायला लागतो, तेव्हा पट्टा सैल करा आणि हात बाजूला घ्या. टक, टक असे दोन आवाज येतात, एक आतल्या कडेचा आणि एक बाहेरच्या. बऱ्याच टायरवर बीड बसवताना जास्तीत जास्त किती दाब द्यायचा ते कोरलेलं असतं, त्याच्या वर जायचं नाही म्हणजे नाही. तेवढ्यात बसली नाही तर हवा सोडा, परत साबण लावा, परत करा. पेट्रोल किंवा इथरचा स्प्रे मारून काडी लावायचे व्हिडिओ सगळ्यांनी बघितलेत. कोरड्या गवतात, दवाखान्यापासून कित्येक तास लांब, हे करू नका. हात भाजला, डोळा गेला तर तिथे तुमच्या मदतीला कोणी नसतं, आणि पट्ट्याने जे काम होतं त्यासाठी एवढी जोखीम घ्यायचं काही कारण नाही.

गाडी उचलताना पण तेच, घाई नको. आधी सपाट जागा, पार्किंग ब्रेक, बाकीच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड. नट गाडी जमिनीवर असतानाच अर्धा आटा सैल करून ठेवा. मऊ जमिनीत जॅक खाली रुततो, त्याच्याखाली फळी किंवा सपाट दगड द्या. जॅक नसेल तर दोघांनी मिळून एक बाजू उचलायची आणि तिसऱ्याने फ्रेमखाली ओंडका सरकवायचा, हात फ्रेमखाली न नेता, काठीने ढकलून. चाक परत लावताना नटची निमुळती बाजू रिमकडे, आणि समोरासमोरचे नट आळीपाळीने आवळा. पाच-सात किलोमीटरवर थांबून परत एकदा पाना लावून बघा, हमखास एखादा नट पाव आटा घेतो.

डर्ट बाईकवाल्यांसाठी थोडं. तिथे ट्यूब असते. शेजारी शेजारी दोन भोकं दिसली, साप चावल्यासारखी, तर दगडावर आपटून ट्यूब रिममध्ये चिमटलीय, म्हणजे हवा कमी होती. एकच भोक असेल तर टायरच्या आतून बोटं सावकाश फिरवून काटा शोधा, तो तिथेच राहिला तर नवी ट्यूब पण दहा मिनिटांत जाते. पॅच लावताना सोल्युशन लावल्यावर पाच मिनिटं खरंच थांबा, चमक गेली पाहिजे. टायर चढवताना समोरची कड रिमच्या मधल्या खोलगट भागात पायाने दाबून धरा, तरच शेवटचा घास सहज जातो, लिव्हरला ताकद लावावी लागतेय म्हणजे समोरची कड वर आलीय. एकच ट्यूब नेणार असाल तर पुढची २१ इंची न्या, ती अडचणीत मागच्या १८ किंवा १९ इंची चाकात कशीबशी बसवता येते, उलटं करणं फार अवघड.

काहीच जमलं नाही तर? टायर कामातून गेलाच असेल, तर बीडची एक बाजू सोडवून आत गवत, पाला जितका दाबून बसेल तितका ठासा. पोकळ भरलं तर शंभर मीटरमध्ये भुगा होतो. हे चालण्याच्या वेगातच, आणि अधूनमधून थांबून टायर तापलाय का बघत, कारण आत कोरडं गवत आहे. सामान विरुद्ध कोपऱ्यात हलवा, पुढचा टायर गेला असेल तर मागे सरकून बसा. रिम वाकेल, ती बदलता येते. अंधार पडत असेल, पाणी कमी असेल किंवा एकटे असाल तर गाडी ओढत बसू नका, गाडीजवळच थांबा, लांबून दिसायला मोठी आणि हलणारी नसलेली वस्तू तीच असते. कुठल्या ट्रेलवर जातोय आणि किती वाजेपर्यंत परत येणार हे निघायच्या आधी घरी कुणाला तरी सांगितलेलं असेल तर शोधणाऱ्यांना सुरुवात कुठून करायची ते कळतं.

सीलंटबद्दल विचारतात म्हणून सांगतो, मी आधीपासून टायरमध्ये भरून ठेवतो. ट्रेडमधली काट्याची बारीक भोकं, साधारण ५-६ मिलिमीटरपर्यंतची, तो चालता चालता बुजवतो. साईडवॉलच्या चिरेला त्याचा काही उपयोग नाही, आणि वर्ष-दोन वर्षांत तो वाळतो म्हणून भरल्याची तारीख लिहून ठेवा. दगडाळ भागात नेहमी जात असाल तर पैसे ६ किंवा ८ प्लायच्या (प्लाय म्हणजे टायरच्या मजबुतीचा आकडा) टायरवर घाला, जड असतात, राईड थोडी कडक लागते, पण साईडवॉल वाचते.

आणि हे सगळं एकदा घराच्या अंगणात करून बघा. जुना, टाकून द्यायचा टायर घ्या, त्याला स्वतः भोक पाडा आणि प्लग मारा, बीड सोडवा आणि पट्ट्याने परत बसवा, तेही तुम्ही ट्रेलवर जे सामान नेता तेवढंच वापरून. आपला पंप व्हॉल्व्हला नीट बसत नाही किंवा रॅचेट पट्टा टायरभोवती वीतभर कमी पडतो, हे अंगणात कळलं तर किती बरं.

परत आल्यावर प्लग मारलेला टायर रिमवरून उतरवून आतून पॅच लावून घ्या, साईडवॉल शिवलेला असेल तर तो टायर सरळ काढून टाका, कितीही नवा असला तरी. आणि किट त्याच दिवशी भरा. सोल्युशनची ट्यूब एकदा उघडली की थोड्या महिन्यांत आतल्या आत वाळते, बाहेरून भरलेली दिसते पण दाबली की काहीच येत नाही, मी प्रत्येक सीझनच्या सुरुवातीला नवी घेतो आणि जुनी फेकून देतो.